पिकासोचे ‘ला वी’: चित्राचा भाव चटकन कळतो, मग अर्थ का निसटतो?

क्लीव्हलंडवासी

नमस्कार मंडळी. मी राहतो त्या शहराच्या कलासंग्रहालयात पिकासोचे ‘ला वी’, म्हणजे ‘जीवन’, हे १९०३ सालचे तैलचित्र आहे. संग्रहालयाला प्रवेशशुल्क नसल्यामुळे अधूनमधून जाणे होते आणि कोणतेही दालन पाहायचे ठरवून गेलो तरी पाय शेवटी या चित्राकडेच वळतात. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मला नाही, म्हणून येथील जाणकारांना विचारतो.

ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. चित्र सुमारे १९७ सेंटीमीटर उंच आणि १२९ सेंटीमीटर रुंद आहे, त्यामुळे त्यातील माणसे जवळजवळ आपल्याच उंचीची वाटतात. डाव्या बाजूला एक तरुण जोडपे उभे आहे. स्त्री विवस्त्र असून पुरुषाला बिलगलेली आहे. पुरुषाच्या कमरेला तेवढे एक पांढरे वस्त्र आहे. उजव्या कडेला गडद, पायघोळ वस्त्रातील, वयाने थोराड वाटणारी एक अनवाणी स्त्री झोपलेल्या तान्ह्या मुलाला कवेत घेऊन उभी आहे. या दोन बाजूंच्या मधल्या जागेत, मागे, चित्रातलीच दोन चित्रे दिसतात: वरच्या चित्रात एकमेकांना धरून बसलेले विवस्त्र जोडपे आणि खालच्या चित्रात अंग मुडपून बसलेली एकटी आकृती. पुरुषाचा डावा हात कमरेच्या उंचीवर पुढे आला आहे आणि त्याचे बोट त्या मातेच्या दिशेला वळलेले आहे. हे सगळे जवळजवळ संपूर्णपणे निळ्या रंगात.

चित्रात उदासी आहे हे सांगायला कोणी लागत नाही. पण ती नेमकी येते कोठून? केवळ निळ्या रंगातून? आणि दुसरे असे की, प्रथम पाहिले तेव्हा मला हे चित्र एका तरुण जोडप्याला त्यांचे पुढचे आयुष्य दाखवणारे वाटले होते. नंतर वाचनात आले की त्या पुरुषाचा चेहरा पिकासोचा मित्र कार्ल्स कासाजेमास याचा आहे आणि त्याने १९०१ मध्ये आत्महत्या केली होती. ते कळल्यापासून मला तेथे जोडपे दिसेनासेच झाले आहे, फक्त एक मेलेला माणूस दिसतो. यातील कोणते पाहणे ग्राह्य धरायचे?

कुंचला

पहिल्या प्रश्नापुरते बोलतो, कारण मी रंगवणारा माणूस आहे. इतिहासाचे इतरांनी पाहावे.

निळा रंग म्हणजे उदासी हे समीकरण आपण फार लवकर मान्य करतो. कृष्णाचा निळा आपल्याला उदास करत नाही, आणि फ्रेंच चित्रकार मातीस याचे निळेही करत नाहीत. ‘ला वी’मधला निळा परिणामकारक ठरतो तो एकटा नसल्यामुळे. पिकासोने दुसरा कोणताही रंग डोके वर काढणार नाही अशी व्यवस्था केली आहे. त्वचा, वस्त्र, भिंत, मागची चित्रे या सगळ्यांना एकाच रंगाच्या छटा मिळाल्या की वस्तूंमधला फरक पुसट होतो. अंगाची ऊब आणि भिंतीचा गारवा वेगळे राहत नाहीत. एरवी दोन विवस्त्र देह बिलगलेले असले की पाहणाऱ्याला त्यांच्यातील जवळीक जाणवते. येथे जवळीक रेषेत आहे, पण रंगात नाही. मला वाटते, चित्रातील अस्वस्थतेचा पहिला धागा हा आहे.

दुसरा धागा नजरांचा आहे. पुढच्या वेळी गेलात तर प्रत्येकाचे डोळे कोठे आहेत एवढेच पाहा. बिलगलेल्या स्त्रीची नजर खाली आहे. पुरुष उजवीकडे पाहतो, परंतु त्या मातेच्या डोळ्याला डोळा देत नाही. माता एका अंगाने उभी राहून जोडप्याकडे रोखून पाहते, मात्र तिच्या पाहण्याला कोणाचेही उत्तर मिळत नाही. मूल झोपलेले आहे. चार जणांच्या या घोळक्यात एकही नजरानजर नाही आणि आपल्याकडे तर कोणीच पाहत नाही. बसस्टॉपवर उभी असलेली अनोळखी माणसेदेखील एकमेकांची याहून अधिक दखल घेतात.

तिसरी गोष्ट मधल्या मोकळ्या जागेची. उजवा आणि डावा गट यांच्यात साधारण एक माणूस मावेल एवढे अंतर आहे. चित्रकाराला ते मोकळे सोडता आले असते, पण त्याने तेथे दोन कॅनव्हास ठेवले आणि त्यांत पुन्हा आकसून बसलेले देह दाखवले. त्यामुळे एका बाजूकडून दुसरीकडे जाणारी आपली नजर मध्येच अडते आणि दोनदा दुःखावर आदळते. हे कौशल्य रचनेचे आहे आणि रंग काढून टाकलेल्या छायाचित्रातही ते तितकेच काम करते. घरी करून पाहा.

जास्वंद

कुंचला यांचे विवेचन आवडले, तरी त्यात महत्त्वाची गोष्ट बाजूला पडते आहे असे वाटते. हे चित्र कोणाचे आहे हे माहीत असताना ते माहीत नसल्यासारखे पाहणे हा एक प्रकारचा सोवळेपणा झाला. कासाजेमास जर्मेन नावाच्या तरुणीच्या प्रेमात होता. फेब्रुवारी १९०१ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत, मित्रांसमोर, त्याने तिच्यावर पिस्तूल झाडले. तो नेम चुकला आणि दुसरी गोळी त्याने स्वतःच्या डोक्यात घातली. त्याला शारीरिक असमर्थतेचा न्यूनगंड होता असे चरित्रकार सांगतात. त्याच पुरुषाला पिकासो एका विवस्त्र स्त्रीच्या मिठीत उभा करतो, त्याच्या कमरेला एकट्यालाच वस्त्र देतो आणि समोर मूल घेतलेली माता ठेवतो. याला योगायोग म्हणणे अवघड आहे. जे त्याला जिवंतपणी मिळाले नाही, ते चित्रात त्याच्यासमोर मांडून ठेवले आहे. माझ्या मते पुरुषाच्या बोटाचा अर्थ हाच.

पंतोजी

कलेचा इतिहास शिकवण्यात बरीच वर्षे गेली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. आधीच क्षमा मागून ठेवतो.

जास्वंद यांनी दिलेली हकिगत खरी आहे आणि ती टाळून चालणार नाही. पुढे पिकासोने स्वतःही, कासाजेमासच्या मृत्यूचा विचार करता करता आपण निळ्यात रंगवू लागलो, असे सांगितल्याची नोंद आहे. तरीही कालक्रम पाहिला की हे कार्यकारण इतके सरळ राहत नाही. मृत्यू झाला फेब्रुवारी १९०१ मध्ये. त्याच वर्षी जून महिन्यात पॅरिसमध्ये व्होलारच्या गॅलरीत पिकासोची चित्रे लागली आणि ती लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांनी उसळणारी, करमणुकीच्या जागा आणि सजलेल्या स्त्रिया दाखवणारी चित्रे होती. निळ्याचा अंमल त्यानंतर बसत गेला आणि १९०४ पर्यंत टिकला. दुःख आधी आणि त्याचा रंग काही महिन्यांनी, असा हा प्रवास आहे. म्हणजे मित्र गेला म्हणून हात आपोआप निळ्या रंगाकडे वळला, असे झालेले नाही. एका वीस-एक वर्षांच्या, अतिशय हुशार आणि महत्त्वाकांक्षी चित्रकाराने शोकाला शोभेल अशी भाषा शोधून काढली, आणि ती शोधताना एल ग्रेकोच्या ताणलेल्या आकृती, प्युव्ही द शाव्हानची स्तब्ध भित्तिचित्रे, गोगँची जन्म-मृत्यूविषयीची मोठी रूपके या सगळ्यांकडे त्याचे लक्ष होते.

आता चित्राकडे येऊ. ‘ला वी’ बार्सेलोनामध्ये १९०३ च्या वसंतात रंगवले गेले आणि त्याची कच्ची रेखाटने उपलब्ध आहेत. ती पाहिली की क्लीव्हलंडवासी यांच्या प्रश्नाला एक अनपेक्षित वळण मिळते. रेखाटनांतील पुरुष कासाजेमास नाही. तो स्वतः पिकासो आहे. उजवीकडे माता नाही. तेथे एक दाढीवाला, वयस्कर पुरुष आहे. मध्ये चित्र लावलेली घोडी (ईझल) आहे, म्हणजे प्रसंग उघडपणे चित्रकाराच्या कार्यशाळेतील आहे. कॅनव्हासची १९७० च्या दशकात क्ष-किरणांनी तपासणी झाली, तेव्हा असे आढळले की रंगवायला सुरुवात केली त्या वेळीही पुरुषाला पिकासोचाच चेहरा होता. कासाजेमासचा चेहरा नंतर, काम चालू असताना त्यावर आला.

याचा अर्थ काय घ्यायचा? माझे मत असे आहे की जास्वंद यांचे वाचन चेहऱ्यापुरते टिकते, पण बोटापुरते टिकत नाही. हा देह आणि बिलगलेली स्त्री ही योजना कासाजेमास चित्रात येण्यापूर्वीची आहे. हाताने काहीतरी दाखवण्याची कल्पनाही तेव्हापासूनचीच. काही रेखाटनांत तर एक हात वर उचललेला आहे, त्यामुळे काही अभ्यासकांना माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील कोरेज्जोचे चित्र आठवते. त्यात पुनरुत्थान झालेला ख्रिस्त मारिया माग्दालेनाला ‘मला स्पर्श करू नकोस’ असे सांगतो. त्याचा एक हात वर आकाशाकडे आहे आणि दुसरा खाली तिच्या दिशेने. पिकासो माद्रिदला शिकायला होता तेव्हा प्रादोत त्याच्या फेऱ्या होत, तेव्हा हे चित्र त्याच्या डोळ्यांखालून गेले असणारच. तेव्हा मित्राच्या असमर्थतेची गोष्ट सांगण्यासाठी हा हावभाव बेतला, असे म्हणता येत नाही. हावभाव आधी होता आणि त्याला माणूस नंतर मिळाला.

मात्र माणूस बदलल्यावर हावभावाचा भाव बदलला, आणि मला चित्राचे सारे बळ येथे दिसते. चित्रकार स्वतः आपल्या कार्यशाळेत उभा राहून एका वडीलधाऱ्या माणसाला काही दाखवत असता, तर त्या बोटात दावा आला असता, थोडी प्रौढीही आली असती: हे माझे काम, हा माझा मार्ग. तेच बोट मेलेल्या मित्राच्या हाती गेले आणि समोरच्या वृद्धाच्या जागी माता आली, तेव्हा दाव्याचा आधार निघून गेला. तो काय दाखवतो आहे हे आता निश्चित होत नाही. मूल? माता? की मातेला तो दूर थोपवून धरतो आहे? हात अर्धवट उचललेला आहे. आज्ञा द्यावी इतका ताठ नाही आणि नुसता लोंबकळत राहावा इतका सैलही नाही. चित्राचा भाव ठाम आहे आणि अर्थ डळमळीत आहे, हे आपण जे अनुभवता त्याचे कारण मला असे दिसते की भाव रचनेत पक्का केलेला आहे, अर्थ मात्र चित्रकाराने कामाच्या मध्यावर स्वतःच मोडून पुन्हा बांधला आहे आणि आधीच्या बांधणीचे खांब तसेच ठेवले आहेत.

म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे: जोडपे दिसेनासे होऊ देऊ नका. कासाजेमासची माहिती ही चित्रातील एका थराची माहिती आहे, ती संपूर्ण चित्राची किल्ली नव्हे.

क्लीव्हलंडवासी

पंतोजी, मनापासून आभार. वृद्धाच्या जागी माता आली ही गोष्ट मला ठाऊक नव्हती आणि आता त्यावरून नवीनच प्रश्न पडला आहे. ही माता मला कधीही मायाळू वाटलेली नाही. पाश्चात्त्य चित्रांत मूल घेतलेली, निळ्या वस्त्रातील स्त्री दिसली की आपण मेरीमाता समजतो. परंतु हिच्या चेहऱ्यावर वात्सल्यापेक्षा जाब विचारण्याचा भाव आहे. हे माझेच मनाचे खेळ की खरोखर तसे आहे?

आडवाट

आपले मनाचे खेळ नाहीत. पिकासोच्या या काळातील डोक्यावरून वस्त्र घेतलेल्या, मूल सांभाळणाऱ्या स्त्रियांचा एक ठोस उगम आहे. १९०१ च्या सुमारास तो पॅरिसमधील सँ-लाझार या स्त्रियांच्या तुरुंगात जात असे. तेथे वेश्याव्यवसायातील, गुप्तरोग झालेल्या स्त्रियांना ठेवलेले असे आणि काहींची तान्ही मुले त्यांच्यासोबतच असत. रोगी स्त्रियांना वेगळ्या ओळखू येतील अशा टोप्या दिल्या जात. चित्रांत या टोप्यांचे आणि कैद्यांच्या कपड्यांचे रूपांतर पायघोळ, चर्चमधल्या मूर्तींसारख्या वस्त्रांत झाले. आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये असलेले ‘दोन बहिणी’ हे १९०२ सालचे चित्र याच अनुभवातून आलेले आहे.

तेव्हा ‘ला वी’तील मातेच्या मागे मेरीमाताही आहे आणि तुरुंगातील बाईदेखील. पवित्र मातेचे रूप घेऊन समाजाने टाकून दिलेली स्त्री समोर उभी राहते, म्हणून तिच्या पाहण्यात आशीर्वाद सापडत नाही. आपल्याला जो जाब विचारण्याचा भाव दिसतो, तो मला तिच्या मानेच्या ताठपणातही जाणवतो: मूल कवेत असताना मान साधारणतः मुलाकडे झुकते, हिची झुकलेली नाही. तिचे मूल तिच्या हातात आहे आणि तिचे लक्ष दुसऱ्यांच्या देहांवर आहे.

एक गोष्ट मला पंतोजींच्या मांडणीत कमी वाटली. बिलगलेल्या स्त्रीविषयी कोणीच बोलत नाही. अनेक जण तिला जर्मेन मानतात आणि मोकळे होतात. पण उभ्या असलेल्या तिघांपैकी तीच एकटी दुसऱ्या मोठ्या माणसाला धरून आहे, आणि ज्याला तिने धरले आहे त्याचे लक्ष तिच्याकडे नाही. पुरुषाचे बोट, पुरुषाचा मृत्यू, पुरुषाचे शल्य यांवर एवढी चर्चा होते. तिच्या बाजूने पाहिले तर हे चित्र आधार मागणाऱ्या आणि तो न मिळणाऱ्या बाईचे होते, आणि त्याला कासाजेमासचे नाव माहीत असण्याची काही गरज उरत नाही.

जास्वंद

आडवाट यांचा मुद्दा मान्य. पंतोजींचा अर्धाच मान्य. आपण क्ष-किरणांचा दाखला दिलात, तर मग त्याच किरणांनी दाखवलेली दुसरी गोष्टही सांगायला हवी: हा कॅनव्हास कोरा नव्हता. याच्याखाली पिकासोचे ‘अखेरचे क्षण’ हे चित्र आहे, जे १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात स्पेनच्या विभागात लागले होते. मरणशय्येवरील स्त्री आणि तिच्या शेजारी उभा असलेला पाद्री असा त्याचा विषय होता. त्या प्रदर्शनासाठी पिकासो पॅरिसला गेला, तो कासाजेमासलाच बरोबर घेऊन. मृत्यूच्या चित्रावर ‘जीवन’ रंगवायचे आणि त्यात त्या सहप्रवाशाचा चेहरा घालायचा, याहून स्पष्ट खूण कोणती हवी?

पंतोजी

खूण मोहक आहे, म्हणूनच जपून. पिकासोची त्या काळात पैशांची ओढाताण होती आणि मोठा कॅनव्हास महाग असतो. जुन्या चित्रावर नवे रंगवणे ही त्याची नित्याची सवय होती. शिकागोमधील ‘म्हातारा गिटारवादक’ या प्रसिद्ध चित्राखालीही एका स्त्रीची आकृती आहे, आणि ती तर नुसत्या डोळ्यांनी पुसटशी दिसते. प्रत्येक झाकलेल्या चित्राला वरच्या चित्राचा गुप्त अर्थ मानायचे ठरवले तर त्या काळातील त्याची कितीतरी चित्रे कोडी होतील.

तरीही मी आपला मुद्दा पूर्णपणे फेटाळणार नाही. ‘अखेरचे क्षण’ ही काही कोपऱ्यात पडलेली कच्ची चिठ्ठी नव्हती. पॅरिसमध्ये त्याचे नाव प्रथम ज्या चित्रामुळे गेले ते ते चित्र होते. ते झाकताना त्याला काहीच वाटले नसेल असे मी म्हणणार नाही. फरक इतकाच करतो की चित्रकाराला काय वाटले असेल हा एक प्रश्न आहे आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला काय दिसते हा दुसरा. १९०३ मध्ये हे चित्र लगेच विकले गेले आणि बार्सेलोनाच्या ‘लिबरल’ या वृत्तपत्रात त्याची बातमी आली. ते विकत घेणाऱ्याला खालची मरणशय्या दिसणे शक्यच नव्हते. त्याला जे दिसले तेवढ्यावर चित्र उभे राहते की नाही, ही कसोटी मला अधिक कडक वाटते.

आणखी एक. कित्येक दशकांनंतर पिकासोने सांगितले की ‘ला वी’ हे नाव आपण दिलेले नाही, प्रतीके रंगवण्याचाही आपला हेतू नव्हता. डोळ्यांसमोर प्रतिमा आल्या त्या आपण रंगवल्या, त्यांत दडलेले अर्थ शोधणे हे इतरांचे काम. चित्रकाराच्या अशा विधानावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, विशेषतः ज्याने तीन-तीन वेळा रेखाटने बदलली त्याच्या विधानावर तर नाहीच.

कुंचला

शेवटच्या वाक्याला माझे अनुमोदन, पण चित्रकारांच्या बाजूने एक सांगतो. रेखाटने बदलणारा माणूस दर वेळी अर्थच बदलत असतो असे नाही. कित्येकदा उजवीकडची आकृती हलकी पडते, तोल जातो, म्हणून तेथे अंगावर भरपूर वस्त्र असलेली, गडद, खांबासारखी आकृती आणावी लागते. डावीकडे दोन उजळ देह एकत्र आहेत. त्यांना तोलून धरायला एकटा दाढीवाला म्हातारा पुरला नसता. माता तेथे आशयासाठी आली की वजनासाठी, हे कदाचित पिकासोलाही सांगता आले नसते, कारण काम करताना ही दोन कारणे वेगवेगळी येत नाहीत.

क्लीव्हलंडवासी, आपल्याला मूळ चित्र पाहण्याची सोय आहे म्हणून एक विनंती. पुरुषाचे बोट आणि मातेचे वस्त्र यांच्यामधल्या जागेत रंग कसा लावला आहे, पातळ की दाट, खालचे काही उमटते का, हे जवळून पाहून येथे लिहावे. छापील प्रतींत तो भाग नेहमी सपाट येतो, आणि आपली सगळी चर्चा त्या तेवढ्या पट्ट्यावरच चाललेली आहे.